दानाबरोबर सत्यही द्यावे

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असा आपल्याकडे जुना संकेत आहे आणि तो चांगला आहे. घरात मृत्यू झाला म्हणजे त्या दिवशी माणसाचे गुण तेवढे आठवावेत, त्याचे व्यसन, लपविलेले दुखणे, कोणाला न सांगितलेला प्रवास ह्या गोष्टींवर पांघरूण घालावे, हे माणुसकीला धरूनच आहे. आम्ही स्वतः अनेक घरांत हे पांघरूण घातले जाताना पाहिले आहे आणि त्यास कधी हरकत घेतलेली नाही. परंतु आता एक प्रसंग असा येऊ लागला आहे की, त्या वेळी हा संकेत पाळला असता कोणा तिऱ्हाइताचा जीव जाऊ शकतो. तो प्रसंग अवयवदानाचा होय. आमच्या वाचक कुटुंबांनी त्याविषयी शांतपणे आणि वेळीच विचार करून ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहो.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे नोकरीनिमित्त माळव्यात जाऊन राहिली आहेत. कोणी धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यांत आहे, कोणी देवासला. त्यांच्या भेटीस आम्ही वर्षातून एकदा जातो. तेथे आपण परमुलखात आलो असे वाटत नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन. त्या काळी दक्षिणेतून गेलेल्या घराण्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात, आणि त्यांच्या मराठीत माळवीचा गोडवा मिसळलेला असतो. ह्या दोन गावांच्या मध्ये इंदूर आहे. देवासहून ते सुमारे ३५ किलोमीटर आणि धारहून सुमारे ६५ किलोमीटर. धारचा किंवा देवासचा माणूस गंभीर जखमी झाला की त्याला इंदूरला हलवितात. इंदूरमध्ये २०१५ सालापासून मेंदूमृत झालेल्या रुग्णांच्या अवयवदानाची वाट पडली आहे. रस्ते मोकळे करून अवयव विमानतळावर पोहोचविले जातात आणि तेथून ते दूरच्या शहरांतील रुग्णांपर्यंत गेले आहेत. तेव्हा धारच्या एखाद्या गल्लीतील घराने दिलेला शब्द शेकडो कोस दूर असलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या शरीरात जाऊन बसतो. ह्या गोष्टीचा विचार करू लागले की मन थक्क होते.

अवयवदान करावे की नाही, हा प्रश्न आमच्या वाचकांपुरता तरी केव्हाच सुटला आहे. पोप बारावे पायस ह्यांनी १४ मे १९५६ रोजी नेत्रदानाच्या कार्यातील मंडळींपुढे भाषण करून मृताच्या शरीरातून असे दान घेण्यास मान्यता दिली होती, आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे भरलेल्या प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत ह्या दानाचा गौरव केला. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्याच्या पुढच्या पायरीविषयी. दान द्यावयाचे ठरले. आता ते निर्धोक आहे की नाही, हे कोणी आणि कसे ठरवावयाचे?

आपल्या देशात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि २०११ साली त्यात सुधारणा झाली. त्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू घोषित करावा लागतो. मधले हे सहा तास घरच्यांना युगासारखे वाटतात. ह्याच वेळात बहुधा इस्पितळातील समन्वयक त्यांच्याजवळ येऊन बसतो आणि प्रश्न विचारू लागतो. ह्यांना कधी कावीळ झाली होती का? क्षयाचे औषध घेतले होते का? कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ असे काही चावले किंवा ओरखडले होते का? अलीकडे कोठे प्रवास झाला? सुईने नशा करण्याची सवय होती का? बाहेर कोणाशी शरीरसंबंध होते का? कधी तुरुंगात होते का? वारंवार रक्त घ्यावे लागत होते का? ज्या पत्नीचे कुंकू अजून पुसले गेलेले नाही, तिला हे विचारावयाचे! ऐकणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी, असेच हे प्रश्न आहेत. ‘आम्ही द्यावयास निघालो आणि तुम्ही आमचीच झडती घेता?’ असा संताप घरच्यांच्या मनात उसळला, तर त्यात नवल काही नाही.

‘रक्त तपासा म्हणजे झाले, आम्हांला कशाला विचारता?’ असेही कोणी म्हणतो. ह्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. दात्याच्या रक्ताची तपासणी होतेच. एच.आय.व्ही., ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारची कावीळ, उपदंश ह्यांच्या चाचण्या नेहमीच्याच झाल्या आहेत. परंतु रोगाचे जंतू शरीरात शिरल्यापासून ते चाचणीत दिसू लागेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, आणि त्या दिवसांत रक्त निर्दोष असल्याची खोटी साक्ष देते. शरीराने रोगाविरुद्ध तयार केलेली द्रव्ये शोधणाऱ्या जुन्या चाचणीत एच.आय.व्ही.साठी हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि ‘सी’ कावीळीसाठी त्याहून पुष्कळच मोठा असतो. विषाणूचाच अंश शोधणाऱ्या नव्या, महागड्या चाचणीने तो एका आठवड्याच्या आसपास येतो. परंतु शून्य होत नाही. २००७ साली अमेरिकेत शिकागो येथे उघडकीस आलेली हकीकत ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. दात्याची तपासणी निर्दोष आली होती. तो नेमका त्या मधल्या काळात होता. त्याचे अवयव मिळालेल्या चौघांनाही एच.आय.व्ही. आणि ‘सी’ कावीळ असे दोन्ही रोग जडले.

माळव्यातील परिस्थितीत आणखी एक अडचण आहे, आणि ती येथील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आग्र्याहून मुंबईस जाणारा हमरस्ता देवास, इंदूर आणि धार जिल्ह्यातून जातो. धार जिल्ह्यातील गणपती घाटाने तर कित्येक वर्षे माणसांचे बळी घेतले. अपघातात पुष्कळ रक्त गेलेल्या माणसाला पहिल्याच इस्पितळात सलाईन आणि दुसऱ्याचे रक्त भराभर चढवावे लागते. त्यानंतर काढलेल्या नमुन्यात त्याचे स्वतःचे रक्त पातळ झालेले असते आणि चाचणी फसू शकते. म्हणून रक्त चढविण्यापूर्वीचा नमुना मोलाचा. धारच्या किंवा देवासच्या इस्पितळात पहिल्या घटकेस काढून ठेवलेली रक्ताची ती लहानशी नळी आणि तेथील केसपेपर रुग्णाबरोबर इंदूरला गेले, तर पुढे कोणाचा तरी प्राण वाचू शकतो. ही माहिती त्या नळीच्या दोन्ही टोकांना काम करणाऱ्या आमच्या परिचारिका भगिनींना नवी नसेल; परंतु नातेवाइकांनीही ती विचारून घ्यावी.

आणि काही रोग असे आहेत की ज्यांच्यासाठी दात्याच्या खाटेशेजारी भरवशाची चाचणीच नाही. त्यांत रेबीज, म्हणजे पिसाळलेल्या जनावराच्या दंशाने होणारा रोग, सर्वांत भयंकर. दंशानंतर तो बहुधा एक ते तीन महिने आणि क्वचित वर्षाहूनही अधिक काळ मुकाट्याने शरीरात राहतो. एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ निश्चित जातो. १९८८ साली गोडे आणि भिडे ह्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही एकाच दात्याची बुबुळे बसविली होती आणि दोघेही रेबीजने दगावले. २००४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका दात्याचे यकृत, दोन मूत्रपिंडे आणि रक्तवाहिनीचा एक तुकडा चौघांना मिळाला. ते चौघेही रेबीजने गेले. त्या तरुणास वटवाघूळ चावले होते, ही गोष्ट त्यानंतर बाहेर आली. २००५ साली जर्मनीत उघडकीस आलेल्या प्रकरणातील दाती तर काही महिन्यांपूर्वी आपल्या भारत देशातच प्रवासास येऊन गेली होती. तिचे अवयव मिळालेल्यांपैकी तिघे मरण पावले. यकृत मिळालेला रुग्ण मात्र वाचला, कारण त्याला पूर्वी कधीतरी ह्या रोगाची लस टोचलेली होती.

ह्याहूनही विचार करावयास लावणारी घटना अगदी अलीकडची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णास मूत्रपिंड बसविले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रेबीजने मरण पावला. दात्याला काही आठवड्यांपूर्वी स्कंक नावाच्या रानटी प्राण्याने ओरखडले होते. ही गोष्ट दात्याच्या घरच्यांनी लपविली नव्हती. प्रश्नावलीत ती नमूद होती. परंतु त्या ओरखड्याचा अर्थ वेळीच लागला नाही. त्याच दात्याची बुबुळे बसविलेल्या तिघांवर मात्र हे उमगल्यानंतर त्वरित उपचार झाले आणि ते सुखरूप राहिले. घरच्यांनी सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी ऐकले, तरच ह्या प्रश्नोत्तरांचे सार्थक होते. एकट्याच्या प्रामाणिकपणाने भागत नाही.

क्षयाची गोष्ट वेगळी आहे. तो सावकाश चालणारा शत्रू आहे. देवासच्या लोकांना त्याची आठवण वेगळ्याच कारणाने आहे. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला राहावयास आले, ते माळव्याची कोरडी हवा मानवेल ह्या आशेने. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळी नवे असलेले औषध मिळाले, ते बरे झाले, पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत देवासचेच होऊन राहिले. सगळ्यांच्याच बाबतीत हा रोग असा उघडपणे येत नाही. आपल्या देशात असंख्य माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेल्या स्थितीत असतात. माणूस धडधाकट दिसतो आणि असतोही. परंतु त्याचा अवयव ज्याला मिळतो, त्याला नव्या अवयवाचा शरीराने अव्हेर करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. जेथे पहारेकरीच झोपविले, तेथे झोपलेला चोर जागा होतो. म्हणून ‘पंधरा वर्षांपूर्वी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या’ हे एक वाक्य डॉक्टरांना अमोल असते. धार आणि शेजारच्या जिल्ह्यांतील आदिवासी बांधव मजुरीसाठी गुजरातेतील दगड भरडण्याच्या कारखान्यांत जात आणि तेथील धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन परत येत. त्यांच्यापैकी कित्येकांवर तर क्षय समजूनच औषधोपचार झाले. तेव्हा माणूस कोठे आणि काय काम करीत होता, हा प्रश्नही निरर्थक नव्हे.

एवढे वाचून कोणी असे समजू नये की, एखाद्या प्रश्नास ‘होय’ म्हटले की दान फुकट गेले. तसे नाही, आणि ही ह्या विषयातील मोठी दिलाशाची बाजू आहे. कित्येक संसर्ग असे आहेत की ते ठाऊक असले म्हणजे त्यांचा बंदोबस्त करता येतो. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो. त्यासाठी अवयव नाकारीत नाहीत, घेणाऱ्याला प्रतिबंधक औषध देतात. नेहमीच्या जंतूंनी झालेल्या मेंदूज्वराचे जंतू ओळखले गेले असतील आणि योग्य औषध पोटात गेले असेल, तर असा दाताही चालू शकतो. ‘सी’ कावीळ समूळ घालविणाऱ्या गोळ्या गेल्या दहा-बारा वर्षांत आल्यापासून तो रोग असलेल्या दात्याचे अवयवही, घेणाऱ्याच्या संमतीने, काही ठिकाणी वापरले जातात. इतकेच काय, अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस कृत्रिम श्वासावर असलेल्या दात्याला इस्पितळातीलच हट्टी जंतू चिकटतात. त्याच्या रक्ताची परीक्षा दोन-तीन दिवसांनी पुरी होते, तोवर अवयव बसवून झालेला असतो, आणि मग तो निकाल घेणाऱ्याच्या डॉक्टरांना कळवून त्यानुसार औषध बदलतात. हृदय चार ते सहा तासच टिकते, यकृत सुमारे अर्धा दिवस, मूत्रपिंड दिवसभर. ह्या मुदतीत सर्व शंका फिटेपर्यंत थांबणे शक्यच नसते. समोर यकृत निकामी झालेला रुग्ण असतो आणि त्याच्या दृष्टीने वाट पाहण्यातही मरण असते. संपूर्ण निर्धोक असा अवयव जगात नाही. दोन धोक्यांचे वजन करावे लागते. परंतु तराजूच्या एका पारड्यातील वजन घरच्यांनी लपविले, तर तोलणाराही काय करणार?

देवास येथे आमच्या एका धर्मग्रामस्थाच्या शेजारी राहणाऱ्या मराठी कुटुंबावर असा प्रसंग आला, तेव्हा आम्ही तेथेच होतो. घरचा धाकटा मुलगा मोटरसायकलवरून पडला. इंदूरच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी आशा सोडली. थोरल्या बंधूंनी मोठ्या मनाने अवयवदानास होकार दिला. परंतु प्रश्न सुरू होताच ते कडाडले, ‘माझ्या भावाला कसलाही रोग नव्हता, कसलेही व्यसन नव्हते. पुढे काही विचारू नका.’ समन्वयक गप्प झाला. तेव्हा कोपऱ्यात बसलेली त्या तरुणाची पत्नी हळूच म्हणाली, ‘दादा, खरे सांगितले पाहिजे. दिवाळीत आम्ही धारला मावशींकडे गेलो होतो, तेव्हा गल्लीतल्या कुत्र्याने ह्यांच्या पोटरीला दात लावले होते. एक सुई घेतली. पुढच्या घ्यायला ह्यांना सवड झाली नाही. आई घाबरतील म्हणून घरात सांगू दिले नाही.’ डॉक्टरांनी विचारले, ‘ते कुत्रे दहा दिवसांनंतर जिवंत होते का?’ तिला ते माहीत नव्हते. कोणालाच माहीत नव्हते.

डॉक्टरांनी आपसांत पुष्कळ वेळ विचार केला आणि शेवटी कोणताही अवयव, बुबुळेसुद्धा, न घेण्याचे ठरविले. थोरले बंधू फार कष्टी झाले. ‘त्याच्या हातून शेवटी घडणारे पुण्यही राहिले,’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या नजरेत भावजयीविषयी थोडा राग होता, हे आम्हांस दिसले. आम्ही त्यांना जे सांगितले ते येथे सर्वांसाठी लिहितो. त्या तरुणाच्या शरीरात रेबीज होता की नव्हता, हे कोणाला कधीच कळणार नाही. कदाचित नसेलही. परंतु त्या मुलीच्या एका वाक्याने कोणा अनोळखी तीन-चार घरांवरचे संकट टळले असेल, हेही तितकेच खरे. त्या घरांना ते कधी कळणार नाही, तिचे नाव कोणी घेणार नाही. ज्याने अवयव दिला त्याला मध्य प्रदेश सरकारने २०२५ सालापासून अंत्यविधीच्या वेळी मानवंदना देण्याचे ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. जिने सत्य सांगून अवयव देऊ दिला नाही, तिला मानवंदना नाही. तरीही तिने जे दिले ते दानच होते, आणि आपल्या शोकावर स्वतःच्या हाताने आणखी एक ओझे ठेवून तिने ते दिले होते.

आम्ही विवाहापूर्वी वधूवरांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतो. त्यांतील काही प्रश्न अवघड असतात. परंतु त्यामुळे आपला अपमान झाला, असे आजवर कोणी म्हटले नाही. कारण विचारणारा दोष शोधीत नसून उद्या जोडल्या जाणाऱ्या दोन आयुष्यांची काळजी वाहत आहे, हे त्यांना समजलेले असते. दात्याच्या घरच्यांना विचारले जाणारे प्रश्नही ह्याच जातीचे आहेत. मात्र विचारणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. दहा नातेवाइकांच्या गराड्यात पत्नीला तिच्या नवऱ्याच्या वागणुकीविषयी विचारू नये. तिला बाजूला घ्यावे. जी भाषा तिला येते, मग ती मराठी असो, माळवी असो की भिली, त्या भाषेत विचारावे. प्रश्न कशासाठी आहे हे आधी सांगावे आणि उत्तर गुप्त राहील, हा शब्द द्यावा व पाळावा. आणि जे उत्तर मिळेल, ते कागदावर उतरवून न थांबता त्याचा अर्थ लावावा.

आमच्या वाचक कुटुंबांना आमची विनंती थोडक्यात अशी आहे. कुत्र्याने चावा घेतला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना असले काही तीवर दाबू नये. लसीच्या सर्व सुया ठरल्या दिवशी घ्याव्यात आणि त्यांचा कागद जपून ठेवावा. ही गोष्ट आधी स्वतःच्या जिवासाठी करावयाची आहे. घरातील प्रत्येकाच्या मोठ्या दुखण्यांचे, शस्त्रक्रियांचे, घेतलेल्या रक्ताचे कागद एका पिशवीत असावेत आणि ती पिशवी कोठे आहे, हे निदान दोघांना ठाऊक असावे. पतीने पत्नीपासून आणि पत्नीने पतीपासून आपली दुखणी लपवू नयेत. शेवटी उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावरच येते. जे ठाऊक नसेल तेथे घरची अब्रू राखण्यासाठी ‘नाही’ म्हणू नये, ‘ठाऊक नाही’ म्हणावे. डॉक्टरांच्या दृष्टीने ह्या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे. आणि दान नाकारले गेले, तर घरात कोणी कोणास बोल लावू नये.

देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड दिसत नाही, तरीही त्याच्याशी खरे वागावे लागते. अवयव मृताचा असतो, परंतु सत्य जिवंतांनाच द्यावे लागते. ते आपल्या घरी आजच तयार ठेवू या.